शिशाचे विष कोणाला अधिक बाधते?

शिसपेन्सिलीच्या नावात शिसे असले, तरी तिच्या आत ग्राफाइट, म्हणजे कार्बन असतो. खरे शिसे मोटारीच्या बॅटरीत आणि कित्येक जुन्या घरांच्या तैलरंगात सापडते. त्याची धूळ पोटात किंवा फुप्फुसात गेली की विषबाधा होते. पण ती सर्वांना सारखीच होते का?

समजा, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणारा एक कामगार संध्याकाळी घरी परतला. त्याच्या कपड्यांवरची धूळ जमिनीवर पडली. घरात त्याची गरोदर पत्नी आहे आणि जमिनीवर खेळणारे दोन वर्षांचे मूल आहे. तिघांच्या पोटात सारखेच शिसे गेले, तर अपाय सर्वांत अधिक कोणाला होईल?

मुलाला आणि आईच्या पोटातल्या बाळाला! याचे कारण असे, की शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते. वाढत्या मुलाला हाडांसाठी कॅल्शियम हवे असते. त्याचे आतडे कॅल्शियमबरोबर शिसेही ओढून घेते. गिळलेल्या शिशापैकी जेवढा अंश प्रौढ माणूस शोषतो, त्याच्या चार ते पाच पट अंश लहान मूल शोषते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल, तर हे प्रमाण आणखी वाढते. मेंदूची घडणही याच वयात चालू असते. तेथे झालेली हानी सहसा भरून येत नाही.

अमेरिकेतील हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवून त्यांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, ती मुले बुद्धिमापन चाचणीत व एकाग्रतेत मागे पडत होती. विशेष म्हणजे ती आजारी दिसत नव्हती! हे संशोधन १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता आईचा विचार करा. प्रौढांच्या शरीरातील बहुतेक शिसे हाडांत साठते व तेथे अनेक वर्षे राहते. गरोदरपणी हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरते, तेव्हा हे जुने शिसेही त्याबरोबर निघते आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचते. आईने लहानपणी गिळलेली धूळ अशी पुढच्या पिढीला भोवू शकते.

आपल्या देशात २००० साली पेट्रोलमधील शिसे बंद झाले. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम २०१७ पासून लागू आहे. पण जुन्या भिंतींवरचा रंग अजून आहेच. म्हणून रंगाचे पोपडे कोरडे घासू नका; फरशी ओल्या फडक्याने पुसा; जेवणापूर्वी धाकट्या भावंडांचे हात धुवा. कामगाराने कामाचे कपडे कारखान्यातच बदलावेत. शंका असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासून घ्यावे. कारण शिशाचे निर्धोक म्हणता येईल असे प्रमाण आजवर आढळलेले नाही.