पांढरीतले धातू आणि त्यांची ओळख
(बी. ए. द्वितीय वर्ष, इतिहास)

मराठवाड्यातील खेड्यात वाढलेल्यांना काळी आणि पांढरी यांतला भेद सांगावा लागत नाही. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या माणसे एकाच जागी राहिली, भिंती पडल्या, राख-माती साचली आणि तिचा उंचवटा झाला. माळवदावर घालण्यासाठी लोक ही माती खणून नेत. खणताना कधी मणी, कधी खापर, कधी हिरवे पडलेले नाणे हाती येई. परदेशांत हौशी लोक मेटल डिटेक्टर घेऊन शेते धुंडाळतात. आपल्याकडे ते काम कुदळ आणि नांगर करीत आले. शिवाय ते यंत्र खाली धातू आहे एवढेच सांगते. ती शिवराई आहे की बैलाच्या पत्रीचा खिळा, हे माणसालाच ओळखावे लागते.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो असा. कंधार तालुक्यातील आमच्या गावी घराच्या पडक्या भिंतीची माती काढताना तीन नाणी सापडली. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, तेव्हा 'सुटीत आला की तो वाचील' म्हणून ती राखून ठेवली होती. पण मळकी वस्तू हातात कशी द्यावी, म्हणून आजीने त्यातले एक चिंच आणि राख लावून लखलखीत घासले. "आता वाच की रं," ती म्हणाली. नाणे आरशासारखे चकाकत होते. अक्षर मात्र एकही लागेना.

तांबे जमिनीत पडून राहिले की त्यावर हिरवा थर चढतो. तो नुसता मळ नव्हे. पुष्कळदा धातूचा वरचा पापुद्राच त्या थरात रूपांतरित झालेला असतो आणि अक्षरांचे उठाव त्यातच शिल्लक असतात. चिंचेच्या आम्लाने थर गेला की अक्षरेही जातात. म्हणून पहिली गोष्ट, घासू नये. मऊ कुंचल्याने सुटी माती झाडावी आणि वस्तू कोरडी ठेवावी. मात्र हिरव्या थरावर फिकट, भुकटीसारखे ठिपके फुटत असतील तर तो क्षारांचा रोग समजावा. ओल लागली की तो पसरतो.

धातूची ओळख रंगावरून बरीचशी पटते. तांबे व कासे हिरवे पडते, चांदी काळवंडते, लोखंड तांबूस होऊन फुगते व त्याचे पापुद्रे सुटतात. सोने जसेच्या तसे राहते, पण ते आपल्या वाट्याला कशाला येते! शिसे करडे, मऊ आणि आकाराच्या मानाने जड असते. करडे म्हणून ते फेकू नये. सातवाहनांनी शिशाची आणि पोटिन नावाच्या मिश्रधातूचीही नाणी पाडली. लातूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे त्या काळचे व्यापारी नगर होते. तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय प्रत्येकाने एकदा तरी पाहावे. हत्ती, किंवा अधिकच्या चिन्हाच्या टोकांना चार वर्तुळे, अशी खूण शिशाच्या तुकड्यावर दिसली तर सातवाहनांची आठवण व्हावी.

आपल्या भागात नेहमी ऐकू येणारी नावे दोन, शिवराई आणि हाली सिक्का. शिवराईच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसरीस 'छत्रपति' असते. हाताने ठसा मारल्यामुळे मजकूर एका अंगाला सरकतो, कडा वेड्यावाकड्या राहतात. शिवराई दिसली की लोक ती थेट महाराजांच्या काळची ठरवतात. पण ती पुढेही, एकोणिसाव्या शतकापर्यंत पाडली जात होती. निजामाच्या यंत्रावर पाडलेल्या चांदीच्या रुपयावर चारमिनार असतो. त्याच्या दारातील अक्षर 'मीम' असेल तर महबूब अली खान (१८६९ ते १९११), आणि 'ऐन' असेल तर उस्मान अली खान. साल हिजरी असते. १३२९ म्हणजे इ. स. १९११.

पण वस्तू नुसती पाहून सगळेच कळत नाही. ती कोठे, किती खोल आणि कशाच्या सोबत पडली होती, यावर काळ ठरतो. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला झाडाची मुळे खणताना काशाच्या चार मूर्ती मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ, मिळून ६० किलोंहून अधिक वजन. त्या पुरातत्त्वज्ञांच्या रीतसर उत्खननात, थर नोंदवून निघाल्या नव्हत्या. म्हणून ढवळीकर, साळी आदी विद्वान त्यांना उत्तर हडप्पा काळातल्या मानतात, तर त्यांतील एक टक्क्याहून अधिक सोमलावर बोट ठेवून डी. पी. अगरवाल त्या ऐतिहासिक काळातल्या असाव्यात असे म्हणतात. एवढ्या मोठ्या मूर्तींची ही कथा, तर आमच्या नाण्यांचे काय!

मी भिंतीतली जागा विचारली तेव्हा वडील गप्प झाले. त्यांना पोलिसांचे भय. गावात पुष्कळ वस्तू या भयानेच मोडीत जातात. खरे तर १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की, जमिनीत लपवलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन मिळाल्यास काय, कोठे व केव्हा मिळाले ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. दडवले तर शिक्षा आहे, कळवले तर नाही. मालक निघाला नाही, तर सापडवणारा आणि जमीनमालक यांचा हिस्सा ठरतो. सरकारने वस्तू घेतली तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देते.

हे वडिलांना दोन संध्याकाळी समजावून सांगावे लागले. मग त्यांनी जागा दाखवली: उत्तरेची भिंत, पायापासून हातभर वर, शेजारी मडक्याचा तुकडा. तुकडा फेकून दिला होता, तो मी उकिरड्याजवळ शोधला. त्यांच्या नावाचा अर्ज मीच लिहिला. त्यात जागा आणि दिवस घातला, आणि खाली: नाणी तीन, तांब्याची, पैकी एक घासलेले.