‘आणि’ की ‘किंवा’?

गेल्या वर्षी वर्गचाचणीच्या गुणांची सरासरी काढणारा एक जावा प्रोग्रॅम मी मोठ्या हौसेने लिहिला. विद्यार्थी पन्नास. एका मुलीचे गुण होते 72. घाईत माझ्या हातून 722 टाइप झाले आणि संगणकाने ते मुकाट्याने स्वीकारले. या एका आकड्यापायी वर्गाची सरासरी 13 गुणांनी चढून 58 ची 71 झाली आणि 65 गुण मिळवणाऱ्या माझ्या मित्राचे नाव ‘सरासरीहून कमी’ या यादीत फलकावर लागले. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चूक शोधणे भागच होते.

तपासणी मी लिहिली नव्हती असे नाही. ती अशी होती (‘व्हाइल’ हा शब्द प्रत्यक्षात रोमन लिपीतच लिहावा लागतो):

व्हाइल (गुण < 0 && गुण > 100)

म्हणजे, अट खरी असेपर्यंत गुण पुन्हा विचार. && चा अर्थ ‘आणि’; दोन्ही बाजू खऱ्या असतील तरच सारी अट खरी. आता शून्याहून लहान आणि त्याच वेळी शंभराहून मोठा आकडा आणायचा कोठून? अट कधीच खरी होत नाही. दारावर पहारेकरी बसवला खरा, पण तो कोणालाच अडवीत नाही!

ही चूक होते कशी? आपण बोलताना म्हणतो, “शून्याहून कमी आणि शंभराहून जास्त गुण चालणार नाहीत.” हा ‘आणि’ दोन प्रकारचे आकडे एकत्र मोजतो. जावा मात्र एका वेळी एकच आकडा तपासते. तो एक तर इकडचा असेल किंवा तिकडचा. म्हणून तेथे || म्हणजे ‘किंवा’ हवे.

याच्या उलट चूकही होते. ‘पुढे जायचे का?’ याला ह किंवा न एवढेच उत्तर हवे, म्हणून आपण लिहितो:

व्हाइल (उत्तर != 'ह' || उत्तर != 'न')

‘ह’ दिले तर ते ‘न’ नाही, म्हणून अट खरी. ‘न’ दिले तर ते ‘ह’ नाही, म्हणून पुन्हा खरी. प्रोग्रॅम जन्मभर तोच प्रश्न विचारीत बसतो. येथे && हवे.

पाठ करण्याऐवजी एक रीत सांगतो. प्रथम योग्य काय ते लिहावे: गुण >= 0 && गुण <= 100. मग साऱ्या अटीला कंस घालून पुढे ! हे नकाराचे चिन्ह द्यावे. कंस सोडवायचा झाल्यास प्रत्येक बाजू उलटते, तसाच ‘आणि’चा ‘किंवा’ होतो: गुण < 0 || गुण > 100. हाच द मॉर्गनचा नियम. हे ऑगस्टस द मॉर्गन 1806 मध्ये आपल्याच देशात, मदुराईला जन्मले, हे मला तेव्हाच कळले.

शेवटी -1, 0, 100 आणि 101 हे चार आकडे देऊन पाहावेत. पहिला व शेवटचा अडला, मधले दोन सुटले, तर सीमा बरोबर. मी ही परीक्षा आधी घेतली असती, तर -1 लाच चूक उघडी पडली असती.

दुरुस्त यादी मी स्वतः फलकावर लावली. मित्राने ती वाचली आणि म्हणाला, “चल, चहा घेऊ किंवा कॉफी.” मी म्हटले, “दोन्हींपैकी एक खरे झाले तरी पुरे!”