कॅन्सर आणि उतारवय : जन्मसाल नव्हे, ताकद पाहा

“आता या वयात केमो कशाला? झेपायची नाही.” श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडच्या घरांत आई-वडिलांना कॅन्सर निघाला की हे वाक्य हमखास येतं. कधी याच्या उलट होतं. मुंबईतला मुलगा ‘काही कमी करू नका’ म्हणून अडून बसतो. दोन्हीकडे पेशंटची ताकद कुणी तपासलेलीच नसते. पंच्याहत्तरीची एखादी आजी रोज वाडी शिंपते. पासष्टीचे एखादे आजोबा पडवीची पायरी भिंत धरून उतरतात. दोघांचे उपचार वयावरून कसे ठरवणार?

म्हणून उपचारांआधी ज्येष्ठांची सर्वांगीण तपासणी करून घ्यावी. सुरुवात ‘जी-८’ या आठ प्रश्नांच्या चाळणीने होते. १७ पैकी १४ किंवा कमी गुण आले, तर सविस्तर तपासणी लागते. त्यातली एक चाचणी अशी : खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका समजावा. शिवाय घटलेलं वजन, विसरभोळेपणा, उदासी, ऐकू-दिसणं, चालू असलेली औषधं आणि घरी सोबत कोण, हेही पाहिलं जातं.

याचा फायदा सिद्ध झाला आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २०२१ साली आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात सत्तरीपुढचे, आजार बळावलेले पेशंट होते. जिथे डॉक्टरांना या तपासणीची माहिती मिळाली, तिथे गंभीर दुष्परिणाम ५१ टक्के पेशंटना झाले. इतरांत ७१ टक्क्यांना. सहा महिन्यांनी हयात असलेल्यांचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये २०१८ पासून ज्येष्ठ पेशंटसाठी वेगळी ओपीडी आहे. टाटा मेमोरियलचंच खारघरचं केंद्र तर आपल्या रायगड जिल्ह्यात आहे. उपचार कुठेही घ्या, पण ही तपासणी होईल का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

घरी एवढं सांभाळा :

• बीपी-शुगरच्या गोळ्या, काढे, चूर्णं, सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. मिश्री-तंबाखूही लपवू नका.

• नुसत्या पेजेवर ठेवू नका. मऊ भाताबरोबर मासे, अंडी, डाळ, दही द्या. किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा. दर आठवड्याला वजन लिहा.

• झेपेल तेवढं रोज चालवा. न्हाणीघर कोरडं ठेवा, रात्री दिवा चालू ठेवा.

• केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त गेला, तर घरच्या गोळीवर रात्र काढू नका. लगेच हॉस्पिटलला कळवा.

• दुखणं, मळमळ, झोप न येणं सोसायला लावू नका. वेदनाशामक विभागात पहिल्या दिवसापासून जाता येतं. ती शेवटची पायरी नव्हे.

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर उत्पन्नाची अट न लावता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. आधार कार्ड घेऊन नोंदणी करा.

आणि आजी-आजोबांना वगळून निर्णय घेऊ नका. चार महिने जास्त हवेत, की आपल्या पायांनी हिंडण्याची ताकद, हे त्यांनाच विचारा. त्यांचं उत्तर डॉक्टरांना सांगा आणि उपचार त्यावर ठरवा.