सातबाऱ्यावरचं ‘अ.पा.क.’ आणि कोर्टाची परवानगी

मैत्रिणींनो, घरातला सातबारा काढून बघा. एखाद्या लेकराच्या नावाजवळ ‘अ.पा.क. आई’ असं लिहिलेलं असतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. लेकरू अठरा वर्षांच्या आतलं आहे आणि त्याचा वाटा आई सांभाळते, एवढाच याचा अर्थ. सांभाळणारी आई, पण मालक लेकरूच.

समजा, घरधनी गेला. मागे बायको, दोन लहान लेकरं आणि सासू. त्याने स्वतः घेतलेली चार एकर जमीन आहे, मृत्युपत्र केलेलं नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे चौघांना सारखा वाटा, प्रत्येकी एक एकर. मुलगी असली तरी तेवढाच. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा.

आता दवाखान्याचं कर्ज डोक्यावर, गिऱ्हाईक दारात. दीर म्हणतो, “वहिनी, तुम्ही आई आहात, सही करा.” इथेच थांबायचं. आपल्या एकराचं ती ठरवू शकते. लेकरांचे दोन एकर मात्र कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता, गहाण ठेवता किंवा बक्षीस देता येत नाहीत. पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानेही देता येत नाहीत. हे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ चं कलम ८ सांगतं.

परवानगीचा अर्ज जमीन ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या जिल्हा न्यायालयात करायचा. न्यायाधीश एकच गोष्ट बघतात: यात लेकराची गरज किंवा उघड फायदा आहे का? शिक्षण, आजारपण अशी कारणं कागदांसह मांडावी लागतात. परवानगी देताना लेकराचे पैसे त्याच्या नावाने गुंतवा, अशी अट कोर्ट घालू शकतं.

परवानगी न घेता विकली तर? अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षांच्या आत ते मूल व्यवहार रद्द करून मागू शकतं. म्हणजे घेणाराही अडचणीत आणि आईही. वडिलोपार्जित, वाटणी न झालेल्या एकत्र कुटुंबाच्या जमिनीला नियम वेगळा लागतो. तेव्हा आधी वकिलाला विचारा.

“पालक म्हणून तरी कोर्टातून आदेश आणावा लागतो का?” असं बायका विचारतात. नाही. वडिलांनंतर आई कायद्यानेच पालक असते. दीर किंवा सासरे आपोआप पालक होत नाहीत. आईवडील दोघंही नसतील, तर पालक व पाल्य कायदा, १८९० खाली कोर्ट पालक नेमतं. हा कायदा सर्व धर्मांना आहे. त्यातही लेकराचं भलं कशात, हेच आधी बघतात.

बँकेतल्या पैशांचं काय? नॉमिनी असेल तर बँक त्याच्या हाती पैसे देते. पण नॉमिनी फक्त स्वीकारणारा, हक्क वारसांचाच. नॉमिनी नसेल आणि बँकेने मागितलं, तर दिवाणी कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र काढावं लागतं. कोर्ट नोटीस काढतं, कुणाची हरकत असेल तर ऐकतं, मग प्रमाणपत्र देतं.

कोर्ट म्हटलं की खर्चाची धास्ती वाटते. पण बाईला, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. फोन करायचा तर १५१०० हा नंबर लक्षात ठेवा.

पुढच्या बैठकीत एवढं करूया:
१. प्रत्येकीने सातबारा आणावा. कुणाच्या लेकराचं नाव आहे, शेरा काय आहे, ते मिळून वाचावं.
२. लेकरू अठराचं झालं असेल, तर वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अ.पा.क. शेरा काढण्याचा अर्ज द्यावा.
३. घरात नवरा गेला असेल आणि वारस नोंद राहिली असेल, तर त्या ताईसोबत दोघींनी तलाठी कार्यालयात जावं.

आणि कुणी घाईने कागद पुढे केला, तर एवढंच म्हणा: “आधी गटात वाचून घेते, मग सही.”