निवासी चित्रपट-शिबिर भरवणाऱ्या भाच्यास

 

तुझे पत्र व सोबतची कार्यक्रमपत्रिका पोहोचली. तालुक्यातील शिक्षकांसाठी चार दिवसांचे निवासी चित्रपट रसास्वाद शिबिर भरवण्याचा तू संकल्प केलास, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत खेटे घालून कार्यमुक्तीचे हुकूम पदरात पाडून घेतलेस, आणि वसतिगृहाच्या सभागृहाची तजवीजही केलीस, याचे मला मनापासून कौतुक वाटते. परंतु चार दिवसांत अकरा चित्रपट, सात व्याख्याने, उद्घाटन, समारोप, आणि मध्येच ‘चित्रपटातून मूल्यशिक्षण’ या विषयावर परिसंवाद, हा बेत वाचून आग्रहाने वाढलेल्या लग्नाच्या पंगतीची आठवण झाली. तेथून उठणाऱ्या माणसाला काय खाल्ले हे सांगता येत नाही.

शिबिर निवासी कशासाठी, याचा विचार पत्रिकेत कोठे दिसला नाही. शिक्षक लांबून येतात आणि संध्याकाळची शेवटची एस.टी. चुकते, एवढ्याच कारणास्तव त्यांना मुक्कामास ठेवायचे असेल, तर त्याला नाइलाज म्हणावे. मुक्कामाचा खरा लाभ असा, की रात्री पाहिलेला चित्रपट माणूस अंथरुणावर घेऊन जातो, शेजारच्या गादीवरच्या सहकाऱ्याशी त्यावरून वाद घालतो, आणि सकाळी तोच चित्रपट, निदान त्यातला अर्धा तास, पुन्हा समोर आला म्हणजे रात्री आपण काय पाहिले आणि काय नुसते समजून चाललो, हे त्याचे त्यालाच उमगते. पुण्यात १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेवर चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि या दोहोंच्या आश्रयाने प्रा. सतीश बहादूर व पी. के. नायर यांच्यासारख्यांनी जी रसास्वादाची परंपरा रुजवली, तिचा गाभा हाच होता. बहादूर तर ‘पथेर पांचाली’ दृश्यागणिक उलगडून दाखवण्याबद्दल ख्यातनाम होते. म्हणून माझे सांगणे एकच: थोडे दाखव, आणि दाखवलेले पुन्हा दाखव. अकरांपैकी आठ चित्रपट निःशंकपणे काढून टाक.

पहिल्या दुपारी सत्यजित राय यांचा ‘टू’ हा १९६४ सालचा लघुपट लाव. तो जेमतेम पंधरा मिनिटांचा असून त्यात एकही संवाद नाही. बंगल्याच्या खिडकीत एक मुलगा, खाली झोपडीपाशी दुसरा; खालच्याच्या हाती बासरी, खिडकीतल्याच्या हाती तिच्यावर मात करणारे कर्णकर्कश खेळणे; पुढे पतंग, आणि त्या पतंगावर रोखलेली बंदूक. तो संपताच प्रत्येकाला कागद देऊन एवढेच लिहायला सांग, की पडद्यावर काय दिसले आणि काय ऐकू आले. माझी खात्री आहे, की निम्म्याहून अधिक कागदांवर ‘गरीब-श्रीमंत दरी’ हे शब्द येतील आणि बासरी शेवटी पुन्हा ऐकू येते, हे फारच थोडे लिहितील. त्यांना दोष देऊ नकोस. परिपाठात रोज सुविचार आणि धड्याखाली रोज बोध, अशा शिस्तीत वर्षे काढलेल्या माणसाची नजर वस्तूवर ठरण्याआधीच तात्पर्याकडे धावते. ती सवय व्याख्यानाने सुटत नाही. पुन्हा पाहिल्याने सुटते. मूल्यशिक्षणाचा परिसंवाद रद्द करण्याचे कारणही हेच.

त्या रात्री राय यांचाच ‘पथेर पांचाली’. मुलगी दुर्गा हिच्या मृत्यूनंतर बाप हरिहर परततो, तिच्यासाठी आणलेली साडी पुढे करतो, आणि आई सर्वजया जो टाहो फोडते तो आपल्याला ऐकू येतच नाही. त्या जागी तारशहनाईचा आक्रोश येतो. हा प्रसंग सकाळी एकदा आवाज बंद करून व एकदा आवाजासह दाखव, आणि गप्प राहा. नंतर गाव सोडण्यापूर्वीचा प्रसंग घे. शेजारणीचा चोरीला गेलेला हार दुर्गाचा धाकटा भाऊ अपू याला घरातच सापडतो. दुर्गावरचा आळ खरा होता, हे त्याला आणि आपल्याला एकाच क्षणी कळते. तो धावत जाऊन हार तळ्यात टाकतो, पाण्यावरचे शेवाळ फाकते आणि हळूहळू पुन्हा मिटते. चोरी वाईट, हा बोध येथे कोणी काढू पाहील, तर त्याला एवढेच विचार, की दिग्दर्शकाने ते शेवाळ मिटेपर्यंत कॅमेरा का थांबवला असेल.

येथे एक व्यावहारिक अडचण येईल. बंगाली वा फारसी चित्रपटाखाली इंग्रजी सबटायटल्स असतात आणि आपल्या पुष्कळ शिक्षकांना ती त्या वेगाने वाचवत नाहीत. संकोचामुळे ते तसे बोलणारही नाहीत. कथानकाचा मराठी सारांश आधीच वाचून दाखव, चालू चित्रपटावर मात्र कोणालाही बोलू देऊ नकोस. पडदा इतका उंच बांध, की त्याची खालची कड पुढच्यांच्या डोक्यांवर राहील, नाहीतर मागच्या सतरंज्यांवरील मंडळींना अक्षरांऐवजी अंबाडे आणि टकले दिसतील. शिवाय पहिल्या खेपेस डोळा वाचण्यात गुंततो आणि दुसऱ्या खेपेस पाहायला मोकळा होतो, हाही पुनर्दर्शनाचा एक लाभच. खिडक्यांना मांडववाल्याकडचे काळे कापड लाव आणि ते लावून भर दुपारीच पडदा तपासून पाहा; रात्री सगळीच सभागृहे अंधारी असतात. जनरेटर भाड्याने घेशील तो इमारतीच्या मागे, लांब ठेव.

दुसऱ्या रात्री ‘फॅन्ड्री’ असावा, आणि तो कोणत्याही सबबीवर शेवटच्या रात्रीवर ढकलू नये. नागराज मंजुळे यांचा हा २०१३ सालचा चित्रपट आपल्याच मुलखातला आहे, त्यातली शाळा आपली आहे, आणि त्यातल्या शाळकरी जब्याचे कुटुंब डुकरामागे धावत असता शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच ती माणसे जागच्या जागी उभी राहतात व हाताशी आलेले डुक्कर निसटून जाते, हा प्रसंग पाहताना सभागृहात प्रथम हशा पिकेल आणि मग शांतता पसरेल. त्या शांततेत जातीचा प्रश्न बसलेला असतो. जमलेल्या शिक्षकांपैकी काहींनी जब्याचे बालपण भोगलेले असेल आणि काहींनी वर्गातल्या जब्याला मागच्या बाकावर बसवलेले असेल. रात्री कोणी फारसे बोलणार नाही. म्हणूनच पुढे पुरता एक दिवस हाताशी हवा. शेवटच्या रात्री दाखवशील, तर न बोललेले सारे मनात घेऊन मंडळी स्टँडवर जातील. जातीचा हा प्रश्न ध्यानात घेऊनच पंगतीत वाढणे व ताटे घासणे आळीपाळीने सर्वांकडे दे, त्यात केंद्रप्रमुखांनाही सवलत नको.

तिसऱ्या रात्रीसाठी अब्बास किआरोस्तामी यांचा १९८७ सालचा फारसी चित्रपट ‘मित्राचे घर कोठे आहे’. चुकून आलेली मित्राची वही परत करण्यासाठी शेजारच्या गावी वणवण करणाऱ्या अहमदची ही गोष्ट. त्यातील पहिल्याच प्रसंगात गृहपाठ वहीत न केल्याबद्दल शिक्षक मुलाचा कागद फाडतो. तो शिक्षक दुष्ट नाही, शिस्तप्रिय आहे, आपल्यासारखाच. यावर भाष्य करण्याचा मोह तू आवर, तुझे शिक्षक ते आपापसात करतील.

दुपारच्या वेळा मोकळ्या ठेवल्यास, तर एक काम देता येईल. प्रत्येकाने आपला मोबाइल विटेवर टेकवून, न हलवता, न तोडता, एक मिनिटाचे एकच दृश्य टिपावे. ल्युमिएर बंधूंची आरंभीची चित्रे याहून मोठी नव्हती. दादासाहेब फाळक्यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपत चित्रित केली होती, म्हणजे आपल्या चित्रपटाच्या जनकाचा पहिला प्रयोग शाळेच्या विज्ञानवर्गात शोभावा असाच होता, हे शिक्षकांना अवश्य सांग. चौथ्या सकाळी ही मिनिटे सर्वांसमक्ष दाखव. बक्षिसे नकोत.

उद्घाटनाचा सोहळा टाळता येत नसेल, तर पाहुण्यांना पहिल्या लघुपटास बसवून घे आणि भाषणासाठी त्यानंतरची दहा मिनिटे दे. शिबिरार्थींची नावे चाळिसांच्या वर घेऊ नकोस, जमाखर्चाच्या पावत्या रोजच्या रोज लाव, आणि उपस्थितीपत्रकावर रात्रीच्या प्रदर्शनाची सही घेऊ नकोस. सहीसाठी बसलेला मनुष्य चित्रपट पाहत नाही.

सर्वांत निकडीची गोष्ट शेवटी लिहितो. तिन्ही चित्रपट व लघुपट दाखवण्यास हक्कधारकांची लेखी परवानगी लागेल, आणि उत्तरे यायला आठवडे लागतात. ती पत्रे अजून गेली नसतील, तर हे वाचून होताच लिहायला बस आणि उद्याच्या टपालात टाक.

तुझा,
मामा