विद्यार्थी-प्रकल्प आणि अहवालाची भाषा

विद्यार्थ्याने एखाद्या उद्योगाच्या, कार्यालयाच्या वा ग्रामपंचायतीच्या सहकार्याने प्रकल्प करावा, ही कल्पना आता अभ्यासक्रमाचे अंग झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक असून त्यांत प्रत्यक्ष कार्यानुभवालाही स्थान आहे. अशा प्रकल्पाच्या अहवालाला दोन वाचक असतात : परीक्षक आणि सहभागी संस्था. या दोघांची भाषा पुष्कळदा भिन्न असते. त्या भिन्नतेचा ज्ञानावर काय परिणाम होतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

केंद्र शासनाने २०१४ साली सुरू केलेल्या उन्नत भारत अभियानाचे राष्ट्रीय समन्वयन दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आले. उच्च शिक्षणसंस्थांनी गावे निवडून तेथील गरजांचे सर्वेक्षण करावे, ही त्याची रीत. महाराष्ट्रात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून आहे. तेथील विद्यार्थ्यांनी पाणीपुरवठ्यासारख्या प्रश्नांचे क्षेत्रीय अभ्यास केले. पुढे २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियानाने राज्यातील महाविद्यालये आणि स्थानिक प्रशासन यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला.

पाण्याचेच उदाहरण घेऊ. मराठीत विहीर, आड, बारव आणि झिरा हे शब्द समानार्थी नाहीत. आड अरुंद असतो. त्यातून पाणी दोराने शेंदावे लागते. बारवेला पायऱ्या असतात. झिरा म्हणजे ओढ्याच्या वाळूत उकरलेला खड्डा. त्यात पाझरेल तेवढेच पाणी वाट पाहून भरून घ्यायचे. इंग्रजी प्रश्नावलीत या सर्वांसाठी ‘वेल’ किंवा ‘सोर्स’ एवढाच रकाना असेल, तर झिऱ्यावर तिष्ठणारे गावही ‘जलस्रोत उपलब्ध’ या सदरात जाते. येथे शब्दाबरोबर पुरावाच हरवतो.

राजधानीच्या परिसरातही हेच घडू शकते. हरियाणातील ‘जोहड’ हे पावसाचे पाणी साठविणारे गावाचे सामाईक तळे. गुरांचे पाणी, सामाईक हक्क आणि पाळेची देखभाल या साऱ्यांचे भान त्या शब्दात आहे. ‘पाँड’ म्हटल्याने ते येत नाही. दिल्लीची तंत्रज्ञान संस्था ज्या हौज खासमध्ये आहे, त्या वस्तीचे नावच अलाउद्दीन खिलजीने बांधविलेल्या हौजावरून पडले, हे येथे आठवावे.

परीक्षक अन्य प्रांतातील असतात आणि माहितीचे संकलन राष्ट्रीय पातळीवर होते, म्हणून इंग्रजी आवश्यक आहे, हा आक्षेप योग्यच आहे. परंतु त्यातून इंग्रजी अहवालाची गरज सिद्ध होते. केवळ इंग्रजी अहवालाची नव्हे. ज्या ग्रामसभेने वेळ आणि माहिती दिली, तिला निष्कर्ष वाचता आले नाहीत, तर चूक दाखविण्याचा तिचा अधिकारही संपतो. मग सहकार्य हा शब्द केवळ मुखपृष्ठावर उरतो.

यास्तव तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रश्नावली प्रथम स्थानिक भाषेत सिद्ध करावी. अहवालास स्थानिक संज्ञांची अर्थासह सूची जोडावी. निष्कर्ष सहभागी संस्थेपुढे तिच्या भाषेत मांडून तिचे अभिप्राय नोंदविल्याखेरीज श्रेयांक देऊ नयेत. या तिन्ही कामांत भाषाविभागांतील विद्यार्थ्यांना स्थान आहे. अभियंत्याच्या नकाशावर योग्य शब्द बसविणे हाही भाषाभ्यासच आहे, आणि त्याची कसोटी गावातील वाचक घेणार आहे.