नाव सासरी, जात माहेरी

‘उमेदवार बाहेरचा आहे’ हे वाक्य वऱ्हाडात दर निवडणुकीला ऐकू येतं. पानठेल्यावर त्यावरून भांडणं होतात. छाननीच्या टेबलावर मात्र विचारतात ते एवढंच, की नाव कोणत्या यादीत आहे आणि ती यादी कोणत्या तारखेची. माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, सासर अकोट तालुक्यातलं. या दोहोंच्या मधे अडकले, तेव्हा मला हे कळलं.

ग्रामपंचायतीची एक जागा ओबीसी महिलेसाठी सुटली आणि बचत गटातल्या बायांनी माझं नाव पुढे केलं. मतदार म्हणून मी अजून माहेरीच होते. नमुना ८ भरला, पोच घेतली, नाव सासरच्या यादीत आलंही. तरी छाननीत हरकत आलीच. ‘काऊन वो वहिनी, ह्या यादीत तं तुमचं नावच नाही!’ दुसऱ्या पॅनेलमधला, नात्याने दीर लागणारा माणूस म्हणाला. त्याचं खरं होतं. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेची घेतो आणि तीच प्रभागनिहाय फोडतो. माझं नाव त्या तारखेनंतर चढलेलं. कायद्याला वय २१ पूर्ण आणि त्या गावच्या यादीत नाव हवं. मग प्रभाग कोणताही चालतो. या गावात किती वर्षं नांदतेय, हे कोणी विचारलंच नाही. अर्ज बाद झाला.

गंमत अशी, की वर वर जावं तसं हे बंधन सैल होत जातं. आमदारकीला राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव चालतं, खासदारकीला देशातल्या. राज्यसभेसाठी त्याच राज्याचा मतदार असण्याची अट होती, ती २००३ मध्ये काढली. राज्यपालपदाला तर निवडणूकच नाही. भारताचं नागरिकत्व आणि वयाची ३५ वर्षं पूर्ण, एवढ्याच पात्रता राज्यघटनेच्या १५७व्या अनुच्छेदात आहेत. आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचे रा. सू. गवई बिहार आणि केरळचे राज्यपाल झाले. प्रतिभाताई पाटील यांचं माहेर जळगावकडचं, सासर अमरावती. १९६२ ते १९८५ त्या माहेरच्या जिल्ह्यातून आमदार होत्या, १९९१ ला सासरच्या अमरावतीतून खासदार झाल्या. कायद्याची हरकत कुठेच नव्हती. गावच्या सदस्यपदाला मात्र गावचीच यादी लागते.

राखीव जागा असली की बाईला दुसरा फेरा पडतो. मतदारयादी सासरची लागते, जात मात्र वडिलांकडून येते. दाखला देताना घराण्याचं मूळ वास्तव्य बघतात, तेही जुन्या तारखेचं: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणून आजोबांची शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली नोंद, कोतवाल बुकाची नक्कल, जुने महसुली कागद माहेरहून काढावे लागतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि यादीत सासरचं, म्हणून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं.

दाखला हातात आला म्हणजे संपलं, असंही नाही. अमरावतीच्या नवनीत राणा २०१९ ला अनुसूचित जातीसाठी राखीव जागेवरून निवडून आल्या. ८ जून २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा ‘मोची’ जातीचा दाखला रद्द करून दोन लाखांचा दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि ४ एप्रिल २०२४ ला दाखला वैध ठरवणारा जात पडताळणी समितीचा निर्णय कायम ठेवला. निकाल राणांच्या बाजूने लागला, तोवर पाच वर्षांची मुदत सरत आली होती. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत रामटेकमध्ये काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचा दाखला रद्द झाला आणि उमेदवारी अर्जही बाद झाला. पर्यायी अर्ज त्यांचे पती श्यामकुमार यांचा होता. ते लढले आणि जिंकले.

म्हणून माझ्यासारख्या बायांना सांगते. निवडणुकीची हवा सुरू होण्याआधीच नाव सासरच्या यादीत आणा, आणि माहेरचं वगळलं गेल्याची खात्री करा. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. प्रारूप यादी लागली की स्वतः जाऊन वाचा. नाव चुकीच्या प्रभागात गेलं असेल तर हरकतीच्या मुदतीत दुरुस्त होतं. विधानसभेच्या यादीतच नसलेलं नाव तिथे नव्याने घालता येत नाही. जात वैधतेचा प्रस्ताव आरक्षण सोडतीची वाट न बघता टाका. पडताळणीची पोच जोडून अर्ज भरता येतो, पण ठरल्या मुदतीत वैधता आली नाही तर निवडून आलेली जागाही जाते. घरपट्टीची थकबाकी भरा. घर सरकारी जागेवर आहे का, तेही बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमरावती विभागातल्याच एका प्रकरणात सांगितलंय, की घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणात राहणारी सदस्यही अपात्र ठरते. अतिक्रमण सासऱ्याचं असलं तरी पद सुनेचं जातं. आणि जमलं तर गटातल्या दुसऱ्या बाईचा पर्यायी अर्ज भरून ठेवा.

उमेदवार घरची की बाहेरची, हे मतदार मतपेटीतून ठरवतीलच. तिथवर पोचायचं तर कागद आधी लागतात. आता आमच्या गटात नवी सून आली की हळदीकुंकवालाच तिच्याकडून नमुना ८ भरून घेतो, आणि पहिल्यांदा माहेरी जाशील तेव्हा आजोबांच्या कागदांच्या नकला घेऊन ये, असं सांगतो.